धूळधोये : पुण्याच्या सराफीतील एक विसरलेले पान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आप्तवर्गातील एका हौशी तरुणाने धातू शोधण्याचे यंत्र, ज्यास सर्वत्र मेटल डिटेक्टर म्हणतात, ते विकत आणिले. ऑस्ट्रेलियात १९८० साली अशाच यंत्राच्या साहाय्याने एका हौशी शोधकास सत्तावीस किलोहून अधिक वजनाचा सोन्याचा गोटा जमिनीत सापडला, हे त्याच्या वाचनात आले होते. तिकडे लोक सुटीच्या दिवशी ओढ्याकाठी यंत्र फिरवीत हिंडतात आणि कधीकधी त्यांस सोन्याचे खडे लाभतात, हेही खरेच आहे. तेव्हा तो आम्हांस म्हणाला, "काका, आपण तर जातीचे सोनार. मग आपल्या मुठेत, नागझरीत आपल्याला सोने का सापडू नये?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा होता, तथापि एका रविवारी सकाळी आम्ही त्याच्यासह मुठेच्या पात्रात उतरलो. यंत्र वारंवार वाजले. चार तासांच्या श्रमाचे फळ म्हणून खिळे, बाटल्यांची झाकणे, एक गंजलेले कुलूप आणि एक रुपयाचे नाणे एवढी संपत्ती घेऊन आम्ही घरी परतलो. परंतु त्याच्या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही आपल्याच धंद्याच्या एका अशा अंगापाशी येऊन पोहोचलो, की ज्याविषयी आपल्या समाजाच्या इतिहासात एक ओळही लिहिलेली आमच्या पाहण्यात नाही. ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, म्हणून हा लेख.

प्रथम नदीचे पाहू. सोने नदीत उपजत नाही. ते डोंगरातील खडकांत असते आणि पाणी त्या खडकांची झीज करून त्याचे कण वाळूत आणून टाकते. कोलार व हट्टी येथील खाणी ज्या धारवाडी खडकांत आहेत ते अतिप्राचीन आहेत. कोलारची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि २००१ साली बंद पडली. झारखंडातील सुवर्णरेखा नदीच्या नावातच सोने आहे आणि तिच्या वाळूतून कण वेचणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. विदर्भाच्या सीमेवरील बालाघाटकडे 'सोनझरा' नावाची जात नद्यांची वाळू धुऊन सोने काढीत असे. आपल्या पुण्याभोवतीचा सह्याद्री मात्र काळ्या बसाल्टाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. त्यात सोन्याचा अंश नाहीच म्हणावयास हरकत नाही. लोह मात्र विपुल आहे. त्यामुळे मुठेची काळी वाळू चुंबकास चिकटते आणि बिचाऱ्या यंत्रास नाहक त्रास देते. निसर्गाने पुण्याच्या ओढ्यांत सोने ठेविलेले नाही, हे त्या तरुणाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. कारण पुण्याच्या पेठांतील गटारांत आणि मातीत सोने होते, आजही आहे. ते निसर्गाने नव्हे, आपल्याच पूर्वजांनी तेथे पोहोचविले.

ज्यांनी घरी ऐरण पाहिली आहे त्यांस हे समजाविण्याचे कारण नाही. नव्या पिढीसाठी लिहितो. सोने कानशीने घासले की त्याचा कीस उडतो. डाग उजळताना, जाळीकाम कापताना, तार ओढताना कण निसटतात. मुशीच्या अंगाला सोने चिकटून राहते. डाक देताना एखादा बारीक रवा बागेसरीच्या राखेत पडतो. कारागिराच्या नखांत, धोतराच्या घडीत, बसावयाच्या पाटाच्या भेगांत ते शिरते. हात धुतले की ते मोरीत जाते. झाडलोट केली की उंबऱ्याबाहेर जाते. जुन्या मापाने आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. रोज गुंजेचा चौथा हिस्सा जरी निसटला, तरी वर्षाअखेरीस ती घट सहज पाऊण तोळ्यावर जाते. हे एका बैठकीचे झाले. पेशवाईपासून रविवार पेठेला व्यापारी पेठ म्हणून महत्त्व आले आणि पुढे मोती चौक, सोन्या मारुती या परिसरात सराफी नांदली. तेथील शेकडो बैठकींचा हिशेब वाचकांनीच मनाशी करावा.

हे हरवलेले सोने परत मिळविणारे जे कारागीर, त्यांस मराठीत झारेकरी अथवा धूळधोये म्हणतात. आपल्यापैकी वयोवृद्धांस ते आठवत असतील. झुंजुमुंजू होण्यापूर्वी, दुकाने उघडण्याच्या आत, हातात कुंचा व टोपली घेतलेली माणसे सराफ बाजारातील पायऱ्या, फरशांच्या सांधी आणि गटारांची तोंडे हलक्या हाताने झाडीत असत. जाणारे-येणारे त्यांस सफाई करणारे समजत. वस्तुतः ते सोन्याच्या शोधात असत. दुकानातील केर व राख ते मोल देऊन विकत घेत. या धंद्यात हिंदूही होते आणि मुसलमानही होते. सोनाराच्या घरी ते ठरलेल्या वेळी येत आणि त्यांच्या येण्यापूर्वी घरातील केर बाहेर टाकावयाचा नाही, असा आमच्या आजीचा दंडक होता.

हा धंदा किती जुना असावा? याचे उत्तर आम्हांस कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळाले. म्हैसूरचे शामशास्त्री यांनी १९०९ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे मुंबई विद्यापीठातर्फे प्राध्यापक कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात राजाच्या सुवर्णशाळेचे नियम सांगितले आहेत. शाळेत शिरताना आणि बाहेर पडताना ज्यांची अंगझडती घ्यावयाची त्या कारागिरांच्या यादीत घडणारे आहेत, भाता फुंकणारे आहेत आणि 'पांसुधावक'ही आहेत. पांसु म्हणजे धूळ, धावक म्हणजे धुणारा. आपला धूळधोया तो हाच! दोन हजार वर्षे लोटली, राज्ये आली आणि गेली, परंतु शब्दाचा अर्थ अक्षरशः तोच राहिला. सोनाराच्या बरोबरीने, त्याच छपराखाली आणि त्याच यादीत ज्याचे नाव ग्रंथकाराने घातले, त्यास आपण मात्र उंबऱ्याबाहेर ठेविले, याची आम्हांस हे वाचताना प्रथमच जाणीव झाली.

त्यांची विद्या वरकरणी साधी, पण हाताला शिकावी लागणारी. प्रथम केर जाळावयाचा, म्हणजे चिंध्या, लाकूड, कागद यांची राख होते. ती कुटून, चाळून पाण्यात कालवावयाची. मग काथवटीसारख्या उथळ पात्रात घेऊन ते पात्र पाण्याखाली डोलवावयाचे. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू जेमतेम पावणेतीनपट. हलकी माती काठावरून वाहून जाते आणि जड कण तळाशी बसतात. १८४८ नंतर कॅलिफोर्नियाच्या ओढ्यांवर जगभरची माणसे लोखंडी तबके घेऊन जे करीत होती, तेच हे. फरक एवढाच, की ती माणसे निसर्गाचे सोने शोधीत होती आणि आपला धूळधोया माणसाचे. तळाशी उरलेल्या गाळातून कानशीचा लोहकीस चुंबकाने वेचून काढावयाचा. नंतर त्यात पारा चोळावयाचा, म्हणजे सोने-रुपे पाऱ्यात मिसळून गोळा होते. तो गोळा फडक्यातून पिळून आचेवर धरला की पारा उडून जातो. मागे उरते ते टाकणखार घालून मुशीत आटवावयाचे आणि तेजाबाने त्यातील रुपे व तांबे वेगळे करावयाचे. इतके झाल्यावर वाटाण्याएवढा मणी हाती लागतो.

स्मशानातील राखेशीही त्यांचा संबंध होता. मृताच्या मुखात सोन्याचा कण ठेवण्याची आपली चाल आहे. रक्षा नदीत सोडली की तो कण गाळात उतरतो. नदीच्या घाटांवर गाळ धुऊन तो शोधणारी माणसे आजही दिसतात. आपण त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतो. परंतु देवाघरी गेलेले सोने पुन्हा व्यवहारात आणून, त्यावर कुणाच्या तरी घरची चूल पेटते, यात अपवित्र असे आम्हांस काही दिसत नाही.

आता आपल्या समाजावर कोसळलेल्या एका आपत्तीचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकीय चलन वाचविण्याच्या हेतूने सरकारने १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण लागू केले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरांत अठ्ठावन्न भागांहून किंचित अधिक सोने. असा डाग आपल्या गिऱ्हाइकाने मंगळसूत्रासाठी घ्यावा कसा? देशभर सोनारांच्या ऐरणी थंडावल्या. काही कारागिरांनी जीव दिल्याच्या वार्ताही त्या काळी आल्या. चौदा कॅरटची अट १९६६ साली सैल झाली. तथापि १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द होईपर्यंत परवाने, नोंदवह्या व तपासण्या यांचे जू आपल्या मानेवर राहिले. या काळाच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. परंतु ऐरण थंडावली की केरही कोरडा होतो, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आले असेल? सोनाराचे हाल झाले असतील तेथे त्याच्या धुळीवर जगणाऱ्याचे काय झाले असेल, हा विचार आमच्या मनात तरी कधी आला नव्हता. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींतही तो आला नाही.

तो येण्यास निमित्त झाले आमच्या वाड्याचे. रविवार पेठेतील आमचा वडिलोपार्जित वाडा गतवर्षी पाडावा लागला. तळमजल्यावर आमच्या तीन पिढ्यांची बैठक होती. वाडा पडणार म्हणताच मजुरांत गुप्तधनाची कुजबुज सुरू झाली. अशा कुजबुजीस अगदीच आधार नसतो असे नाही. २०२० च्या डिसेंबरात पिंपरी-चिंचवडकडील चिखली येथे खोदकामात सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली, हे वाचकांस आठवत असेल. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते, हेही येथे सर्वांनी ध्यानात ठेवावे. आमचा तरुण आप्त यंत्र घेऊन आलाच. त्याने बैठकीची सारी जमीन पायरीपासून भिंतीपर्यंत पिंजून काढली. यंत्र दोनदा वाजले. एकदा बिजागरीवर, एकदा चुलीच्या जुन्या सळईवर.

त्याच सुमारास आमच्या वडिलांच्या वेळचे एक वृद्ध झारेकरी वाड्याची बातमी ऐकून दारात उभे राहिले. त्यांनी यंत्राकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाले, "शेठ, हे ढेकूळ ओळखतं. पीठ ओळखत नाही." आम्ही नंतर माहिती काढली तेव्हा त्यांचे बोलणे शास्त्रास धरून असल्याचे कळले. यंत्राच्या वेटोळ्यातील विजेमुळे जवळच्या धातूत प्रवाह उठतो आणि त्याची खूण यंत्रास मिळते. पण कण धुळीएवढा असेल तर ती खूण फार क्षीण पडते. शिवाय जवळ दुसरा धातू असला की घोटाळा होतो तो निराळाच. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या देहातील गोळी अशाच युक्तीने शोधू पाहिली. त्याचा तो यत्न फसला आणि पलंगातील धातूच्या स्प्रिंगा त्यास कारण झाल्या असाव्यात असे म्हणतात.

निम्म्या वाट्याच्या बोलीवर त्यांनी बैठकीची वीतभर माती, पाटाच्या फळ्या आणि मोरीचा गाळ मागून घेतला. अंगणात तीन टोपांत पाणी ठेवून चार दिवस ते व त्यांचा नातू माती धूत होते. एका टोपातील पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातील तिसऱ्यात. थेंबही गटारात जाऊ दिला नाही. पुढचे काम त्यांनी आपल्या जागी नेऊन केले आणि आठवड्याने मणी घेऊन आले. भरला साडेसात मासे. आमच्या देखत त्याचे दोन भाग करून त्यांनी आमचे पावणेचार मासे आमच्या हातावर ठेविले. ते सोने आमच्या आजोबांच्या कानशीचे, वडिलांच्या मुशीचे, कदाचित आमच्या स्वतःच्या उमेदवारीतील चुकांचे. वडिलांनी लहानपणी या घटीपायी आमच्या पाठीत धपाटे घातले होते, त्याची त्या क्षणी आठवण झाली.

ते मणी तोलताना आमचे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. हात सारखे कापत होते. वयाचा दोष म्हणून आम्ही सोडून दिले असते. पण नातू म्हणाला, "आजोबांचे चाळिशीपासून कापतात." पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने हातांस कंप सुटतो, ही गोष्ट वैद्यकास चांगली ठाऊक आहे. आम्ही त्यांस विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "पाऱ्याशिवाय बारीक सोनं येत नाही, शेठ." त्या घरच्या हातांनी आमच्या घराचे सोने तीन पिढ्या परत आणून दिले होते. मग आम्ही माळ्यावरील जुन्या चोपड्या काढल्या. मोडीतील व पुढे बाळबोध लिपीतील. कोळसेवाल्याचे नाव त्यांत आहे, पाणक्याचे आहे, तेजाब पुरविणाऱ्याचेही आहे. या माणसांचे मात्र नाव नाही. दरसाल एकच ओळ : केर दिला, रुपये जमा. आम्ही त्यांस त्यांच्या वडिलांचे व आजोबांचे नाव विचारून घेतले आणि शेवटच्या चोपडीच्या कोऱ्या पानावर ते स्वहस्ते लिहिले. तीन पिढ्या उशिराच.

आता काळ पालटला आहे. १६ जून २०२१ पासून पुण्यासह देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्कची सक्ती झाली. कारखान्यांत धूळ ओढून घेणारी यंत्रे बसली. ऐरणीवर आपल्यापेक्षा बंगाली कारागीर अधिक दिसतात. केराचे सोने आता पुष्कळसे मोठ्या शुद्धिगृहांत जाते. हे वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी मिनामाता येथील दुर्घटनेचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१८ साली आपल्या देशानेही त्यास मान्यता दिली. ज्या विद्येपायी हातांस कंप सुटतो ती विद्या त्याच रीतीने चालू राहावी, अशी इच्छा कोण करील? परंतु गल्लीबोळांतून पारा व तेजाब यांचा उपयोग अद्यापि थांबलेला नाही आणि केर देणारे आपणच आहोत.

म्हणून आपल्या समाजबांधवांपाशी आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्यांच्या घरी अद्यापि बैठक आहे त्यांनी आपला केर कोण नेतो, तो कोठे आणि कशाने धुतला जातो, याची चौकशी करावी. पारा वापरावयाचा तर वाफ कोंडून परत मिळविण्याची सोय हवी. तिच्या खर्चात आपला हात असावा, कारण निम्मे सोने आपणही घेतो. दुसरी, वाडे पडत आहेत, माळे रिकामे होत आहेत. जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी त्या मोडी जाणणाऱ्यास दाखवाव्या. तिसरी, आपल्या वडीलधाऱ्यांस धूळधोयांची नावे आठवत असतील तर ती मंडळाकडे लिहून पाठवावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, जेथे आपल्या कर्त्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या नावांची यादी येते, तेथे त्यांनाही एक पान असावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.

जुन्या मराठीत सोन्यास 'भांगार' म्हणत. कोकणीत आजही तोच शब्द आहे. आणि आजच्या मराठीत 'भंगार' म्हणजे मोडतोड, टाकाऊ माल. या दोन शब्दांचे नाते भाषापंडितांनी ठरवावे. आम्हांस एवढेच ठाऊक, की एकातून दुसरे काढणारी माणसे आपल्या उंबऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. आमच्या वाट्याच्या पावणेचार माशांचा आम्ही डाग केलेला नाही. तो मणी त्या चोपडीबरोबर तसाच ठेविला आहे. त्या तरुण आप्ताने यंत्र एका मित्रास देऊन टाकले असून, हल्ली तो रविवारी त्या वृद्धांच्या नातवासमवेत बसून काथवट डोलवावयास शिकत आहे. पाऱ्यावाचून किती बारीक सोने हाती येते, हे दोघांस पाहावयाचे आहे. त्यांच्या यत्नास यश येवो.